वेशीबाहेरची पलटण

‘सर लायोनेल ऑर्मरॉड यांनी क्षणाचाही विलंब न लावता नूरगढची सुटका केली,’ ऑनोरियाबाईंनी मोठ्याने वाचले आणि कागद टोस्टच्या ताटलीला टेकवून भावाकडे, म्हणजे खुद्द जनरल सर लायोनेल यांच्याकडे, पाहिले. चर्चमध्ये बसवायच्या संगमरवरी पाटीचा हा मजकूर सरकारी वृत्तातून जसाच्या तसा उचललेला होता.

या क्षणाची लांबी एक अख्खी रात्र होती. सैन्य दिवस मावळण्याआधी नूरगढच्या वेशीशी पोचले आणि आत शिरले ते उजाडल्यावर. वृत्तात कारण दिले आहे: तोफा मागे राहिल्या होत्या. तोफा मागे होत्या, हे खरेच. मात्र त्या नंतरही कोणी पुढे आणल्या नाहीत, कारण वेस अखेर शिड्या लावूनच घेतली गेली. त्याच रात्री आत वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांची बेकरीजवळची चौकी पडली. तिचे खापर वृत्ताने तिथल्या अधिकाऱ्यावर फोडले: लेफ्टनंट वॉल्टर टॅमलिन याने धीर सोडला. तो मेलेला असल्यामुळे त्याच्या खुलाशाची गरज कोणाला भासली नाही. सर लायोनेल यांना या सुटकेपायी किताब, पेन्शन, आणखी दोन मोहिमा आणि संधिवात लाभला.

वॉल्टरची आई समोर उभी होती. तिने हनुवटीखालची बॉनेट टोपीची गाठ सोडली नव्हती.

“बसा, मिसेस टॅमलिन,” जनरल म्हणाले. “चहा?”

“चहाला नाही आले. पाटीच्या मजकुरात तिथे मेलेल्या सगळ्यांची नावं आहेत, माझ्या वॉल्टरचं तेवढं नाही.”

“अहो, दगड उद्या कोरायला जातोय,” ऑनोरियाबाई म्हणाल्या. “आणि डॉक्टरांनी याला दगदग नको म्हणून बजावलंय.”

“जिने चढू नका म्हणाले असतील. मी काही जिना नाही.”

जनरल हसले, हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर त्यांनी हात हलवला. “टाक गं, ऑनोरिया, एक ओळ वाढवून. आईच्या समाधानासाठी.”

“समाधान नको मला. आमच्या फाटकाला अजून पांढरी पिसं अडकवतात लोक, पळपुट्याचं घर म्हणून. तुम्ही दयेनं ओळ दिलीत, तर उद्या पिसं थेट त्या पाटीवर चिकटवतील.” ती टेबलापर्यंत आली. “थॉर्नकोटच्या पलटणीतला एक सार्जंट माझ्याकडे येऊन गेला. म्हणाला, आम्ही दगड फेकला तर वेशीला लागेल इतके जवळ होतो. शिड्या होत्या. आम्हाला खंदकात बसवून ठेवलं.”

“सार्जंट लोक पितात हो, बाई,” जनरल म्हणाले.

“पितात ना. हा रडत होता, तेव्हा प्यायलेला नव्हता.”

इंग्रजांच्या फौजेत प्रत्येक पलटणीची ज्येष्ठता ठरलेली असते. कवायतीत उजवीकडे कोण, मेजवानीत आधी कोण, जिंकलेल्या शहरात पहिले पाऊल कोणाचे, यावरचा मानपान आणि रुसवेफुगवे पाहून कोणत्याही लग्नातल्या विहिणीने हात टेकावेत. थॉर्नकोटची पलटण धाकटी होती. थोरली ऑल्डमियरची, तिच्या कर्नलचे काका मंत्री होते.

“लायोनेल, तोफांचं सांग ना यांना,” ऑनोरियाबाई म्हणाल्या. त्यांचा त्या तोफांवर मनापासून विश्वास होता. इतक्या मेजवान्यांत त्यांनी त्या ऐकल्या होत्या.

सर लायोनेल यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत न लावताच टेबलावर ठेवला. मिसेस टॅमलिन हलली नाही.

“कागद घे,” ते बहिणीला म्हणाले. “पाटीच्या समितीला वाचून दाखव. माझं एक अक्षरही बदलू नकोस.”

“अरे, पण लोक काय...”

“लिही.”

ऑनोरियाबाईंनी लिहिले. ते शब्द असे:

“मी तोफांसाठी थांबलो नाही. थॉर्नकोटची पलटण वेशीशी तयार होती, पण आधी आत जाण्याचा मान ऑल्डमियरचा होता आणि ती वाटेत मागे पडली होती. धाकट्यांना पुढे सोडलं असतं, तर तिचा कर्नल माझ्याशी जन्मात बोलला नसता. बेकरीकडच्या बंदुका रात्रभर वाजत होत्या. तिथे कोणीही धीर सोडला नव्हता. पहाटे त्या थांबल्या, तेव्हा कुठे मला झोप लागली.”