दाराबाहेरची काठी

मित्रांनो, मी एक जुनी चिव्याची, म्हणजे भरीव बांबूची, काठी आहे, आणि स्वभावाने भारी भोचक. साताऱ्याकडच्या एका ओढ्याकाठी मी वाढले. नामदेवमामांनी मला तोडले, जाळावर शेकून सरळ केले आणि नेरुळला आपल्या दाजींना, कृष्णातरावांना, आणून दिले.

कृष्णातराव फौजेतले निवृत्त हवालदार. बर्फातल्या चौक्यांवर ओझी वाहून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. तरी पोटासाठी ते एका सोसायटीच्या गेटवर दिवसभर उभे राहत. जिना चढताना गुडघा कट्ट वाजे आणि तो आवाज त्यांच्या मुठीतून थेट माझ्यात उतरे. आत नक्की काय वाजते, याचे मला फार कुतूहल होते.

१९९४ साली मेडिकल बोर्डाचे बोलावणे आले. दुखणे फौजेतल्या नोकरीतलेच आहे, असे डॉक्टरांनी मानले तर अपंगत्वाची पेन्शन मिळून गेट सुटणार होते. घरून लंगडत निघालेल्या कृष्णातरावांनी तिथे मात्र मला दाराबाहेर भिंतीला टेकवले, मिशा सावरल्या आणि ते ताठ आत गेले. पाठोपाठ पाय आपटून सलाम ठोकल्याचा आवाज आला. मग काय, अर्ज फेटाळला गेला!

त्यांच्या पत्नी शालनताईंनी कपाळावर हात मारला. "अवो, गुडघा दावाय गेलासा का परेड कराय?"

"सायबाम्होरं काठी टेकत जायाचं व्हय? फौजी हाय मी!"

त्यांना माझी लाज वाटते की काय, म्हणून मी रुसले.

अपील झाले. वर्षभराने पुन्हा तेच दार. शालनताईंनी बजावून पाठवले होते, तरी सवयीने मी बाहेरच राहिले. इतक्यात उशिरा आलेल्या एक डॉक्टरीणबाई माझ्यापाशी थबकल्या. एका बाजूने झिजलेले माझ्या टोकाचे रबर त्यांनी निरखले आणि मला उचलून आत नेले.

"हवालदार, ही कोणाची?"

दुखणे लपवणे कृष्णातरावांना जमत होते, साहेबांशी खोटे बोलणे नाही.

"माझी, मॅडम."

"मग सावधान पुरे. ही घ्या आणि रोजच्यासारखं चालून दाखवा."

त्यांनी मला धरले. सगळा भार माझ्यावर आला आणि गुडघा वाजला. इतकी वर्षे मी एकटीने ऐकलेला तो कट्ट आवाज त्या दिवशी सगळ्यांनी ऐकला.

पेन्शन मंजूर झाली. आता आम्ही सकाळी सारसोळ्याच्या खाडीकडे फिरायला जातो. वाटेत जुने साहेब भेटले, तर मी अजूनही पाठीमागे लपवली जाते. पण मी आता रुसत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको. एवढेच करा, कोणी तुमच्यासमोर फारच ताठ उभे राहिले, तर एकदा दाराबाहेर पाहून या.