डाव्या चाकाचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. ट्रॅक्टर नव्हे, ट्रॉली. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ट्रॅक्टरचं नाव निघालं की मुलं पुढे सरकतात आणि ट्रॉलीचं निघालं की जांभया देतात. ट्रॅक्टरला आवाज असतो, धूर असतो, आरशाला बांधलेले गोंडे असतात. मला दोन चाकं, तीन बाजूंना फाळके आणि मागे उघडणारं एक दार. जिकडे ओढाल तिकडे जाते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुढे चालणाऱ्याला खड्डा आधी लागतो, हे मी फार लवकर शिकले.

बीडच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. पत्रा नवा होता, अँगल नवे होते, पण आख मात्र भंगारात निघालेल्या कुठल्याशा गाडीचा होता. म्हणजे माझा काही भाग माझ्या जन्माआधीच म्हातारा झालेला. पाटोद्याच्या पलीकडच्या एका गावातून बद्रीनाथ नावाचा शेतकरी आला, त्याने माझ्या फाळक्यावर दोनदा थाप मारली आणि मला घेऊन गेला. माणसं वस्तू विकत घेताना अशी थाप का मारतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर मी काय वाहिलं नाही? कापूस, तूर, सोयाबीन, कडबा, मुरूम, लग्नाची भांडी, गणपती, एकदा तर शाळेची सगळी बाकं. कापूस हलका असतो पण मिरवतो. मुरूम गप्प बसतो आणि कंबर मोडतो. माणसं सगळ्यात अवघड, कारण ती एका जागी बसत नाहीत. तरी मी सगळ्यांना पोचवलं. बद्रीनाथ पारावर बसून माझं कौतुक करायचा. म्हणायचा, आपली ट्रॉली म्हणजे लोखंड, हिला काही होत नाही. मित्रांनो, ज्याला काही होत नाही असं घरात ठरतं, त्याच्याकडे मग कोणी बघतही नाही.

आता माझ्या चाकांविषयी थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आखाच्या टोकाला हब असतो. त्या हबमध्ये गोलाकार ठोकून बसवलेले जाड बोल्ट असतात, त्यांना स्टड म्हणतात. त्या स्टडांवर चाक चढवतात आणि बाहेरून नट आवळतात. बस, एवढंच. टनावारी माल आणि त्यावर बसलेली माणसं या बोटाएवढ्या लोखंडांच्या भरवशावर चालतात. स्टडचे आटे शाबूत आहेत तोवर नट धरून राहतो. आटे झिजले की नट नुसता टोपीसारखा डोक्यावर बसतो.

माझे आटे कशाने झिजले? प्रेमाने. पंक्चर निघालं, चाक परत चढवलं की बद्रीनाथ पान्याला लांब पाइप लावायचा आणि त्यावर चक्क उभा राहायचा. वरून दोन उड्या मारायचा. आवळलेलं बरं, असं त्याचं मत. स्टड ताणले जात होते, आटे सोलले जात होते, आणि तो खाली उतरून हात झटकत होता. माणसांना एक तर विसरायचं माहीत, नाहीतर डोक्यावर चढून बसायचं. मधलं काही त्यांना जमत नाही.

दरवर्षी खंडेनवमी आली की मात्र माझा थाट असायचा. बद्रीनाथ मला धुवायचा आणि चाकांना चंदेरी रंग फासायचा, नटांसकट. वर्षावर वर्षं रंगाचे थर चढत गेले. मग त्याची बायको सुंदरबाई ताट घेऊन यायची आणि चाकांना हळदीकुंकू लावायची. एकेका नटाला एकेक बोट. सुंदरबाईचं कुठलंही काम मोजूनमापून असायचं. भाकरीसुद्धा ती कधी वाकडी थापत नसे.

त्या साली खंडेनवमीनंतर परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला. कुंकू ओघळलं आणि चंदेरी रिमवर लाल रेघा उमटल्या. नंतर सोयाबीन निघालं, कापूस निघाला, माझ्या खेपा सुरू झाल्या. दोन्ही चाकांवर लाल रेघा होत्या. येणारेजाणारे बघायचे आणि म्हणायचे, पूजेचं कुंकू अजून गेलं नाही बघा, लक्षण चांगलं आहे.

कार्तिकी पौर्णिमेला गावातल्या बायकांनी कपिलधारच्या यात्रेला जायचं ठरवलं. मुख्य आग्रह सत्यशीलाचा होता. ती सुंदरबाईची धाकटी जाऊ. तिची लेक पावसाळ्यात आजारी पडून मरता मरता वाचली होती. लेक बरी झाली तर याच पौर्णिमेला कपिलधारला येऊन पाच नारळ वाहीन, असा तिचा नवस होता. बद्रीनाथ म्हणाला, एवढंच ना, मी सगळ्यांना ट्रॉलीत घेऊन जातो. सकाळी माझ्यात गोधड्या अंथरल्या गेल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, नारळांची पिशवी सगळं आलं. बायका चढल्या, पाय पसरून बसल्या आणि ट्रॅक्टर सुरू होण्याआधीच त्यांची गाणी सुरू झाली.

सुंदरबाई शेवटी आली. घराला कुलूप लावून ती माझ्या डाव्या बाजूने आली आणि चढण्यासाठी तिने चाकावर पाय ठेवला. मग तो परत खाली घेतला. ती वाकून चाकाकडे बघत राहिली. बद्रीनाथने ट्रॅक्टरवरून हाक मारली. ती हलली नाही. तिने एवढंच विचारलं, की हे लाल कशाचं आहे.

बद्रीनाथ हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुंकू हाय ते. तूच लावलंस आन तूच इचारतीस?"

"उजव्या चाकाला लावलं," सुंदरबाई म्हणाली. "हे चाक कडब्याच्या गंजीला टेकलं व्हतं. माझा हात हिकडं पोचलाच न्हाई. मंग हितं लाल कावून हाय?"

गाणी थांबली. सत्यशीला वरून चिडून म्हणाली की आक्का, पौर्णिमा काय तुमच्यासाठी थांबणार आहे का. बद्रीनाथचा चेहरा उतरला. अख्ख्या गावासमोर बायकोने अडवलं, याचा राग त्याला आधी आला, आणि राग आधी आला की कान मागे पडतात. त्याने तिला गुमान चढून बसायला सांगितलं. सुंदरबाई म्हणाली, मी बसणार नाही आणि यांनाही नेऊ देणार नाही. मग ती चाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

मित्रांनो, मी सहसा माणसांच्या भांडणात पडत नाही. पण त्या वेळी मला भीती वाटली, हे खरं सांगते. कपिलधारला उतरताना रस्ता उताराचा आहे, वळणांचा आहे. तिथे चाक निघालं असतं तर मी एका कुशीवर पडले असते. माझं काय, भंगारवाला आला असता. लोखंड वितळतं आणि पुन्हा काहीतरी होतं. माझ्यात पाय पसरून बसलेल्या बायकांचं तसं नव्हतं. मला माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. कित्येक दिवस मी तेवढ्या एका रेघेने सांगत होते.

शेवटी बद्रीनाथ खाली उतरला, बहुधा तिला खोटं पाडायलाच. त्याने रेघेवर अंगठा घासला. कुंकू मऊ असतं. हे खरखरीत लागलं. तो गंज होता, सैल नटाखाली घासून घासून निघालेली लोखंडाची भुकटी. त्याने नटाला हात लावला. नट पान्याविना, दोन बोटांनी फिरला. शेजारचा फिरला. तिसऱ्याला त्याने नुसतं धरलं, तर तुटलेल्या स्टडच्या तुकड्यासकट तो हातात आला.

तुकडा मुठीत धरून, वर न बघता बद्रीनाथने सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं.

पाटोद्याचा मकसूद मिस्त्री त्याचा जुना दोस्त. फोनवर त्याने आधी ट्रॉली जागची हलवू नका म्हणून बजावलं आणि मोटारसायकलवर हत्यारं बांधून आला. उजव्या चाकाला मागेपुढे दगड लावले, डाव्या बाजूला जॅक दिला, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि चाक काढलं. रिमची भोकं अंड्यासारखी लांबट झाली होती. दोन स्टड तुटलेले, बाकीचे चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत. उजव्या चाकाचेही नट त्याने एकेक तपासले. ते शाबूत निघाले.

"दोन तुटलेत, दोन टाक बे," बद्रीनाथ म्हणाला. "बायका खोळंबल्यात."

"दोघं मेले तवा त्यांचं वझं बाकीच्यांनी उचललं," मकसूद म्हणाला. "ते बी आता जायाला टेकलेत. टाकीन तर समदे टाकीन, न्हाईतर तू दुसरा मिस्त्री बघ."

त्याने घणाने सगळे स्टड मागे ठोकून काढले, एक जुना नमुन्याला खिशात टाकला आणि आटे जुळणारे नवे आणायला पाटोद्याला गेला. येताना एक चांगली जुनी रिमही घेऊन आला. तोवर दशम्या अंगणातच संपल्या. सत्यशीला नारळांची पिशवी मांडीवर घेऊन एका बाजूला बसली होती. मकसूदने नवे स्टड बसवले, हब आणि रिम जिथे टेकतात तिथला रंग खरवडून काढला, आणि नट आवळले. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, असे समोरासमोर. पान्यावर उभा राहिला नाही. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळायचे, असं त्याने बद्रीनाथला दोनदा सांगितलं.

उन्हं कलताना आम्ही निघालो. वाटेत मांजरसुंब्याला बद्रीनाथ थांबेल असं वाटलं नाही, पण सुंदरबाईने आतून फाळक्यावर हात आपटला आणि तो थांबला. पाना घेऊन उतरला. प्रत्येक नट थोडा थोडा फिरला. मग उतार लागला. मी सरळ चालले. कपिलधारला पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि पौर्णिमा अजून शिल्लक होती. पाच नारळ फुटले. सत्यशीलाने पहिल्या नारळाचा तुकडा सुंदरबाईच्या हातावर ठेवला.

पुढच्या खंडेनवमीला बद्रीनाथने मला रंगवलं, पण नटांना रंग लावला नाही. सुंदरबाई ताट घेऊन आली आणि या वेळी मला आधी गंजीपासून बाजूला करून घेतलं. तिने दोन्ही चाकांना हळद लावली आणि कुंकवाची वाटी तशीच ठेवली. सत्यशीलाने विचारलं, कुंकू राहिलं की.

"न्हाई ऱ्हायलं," सुंदरबाई म्हणाली. "आता हिच्या चाकाला लाल लावायचं न्हाई. लाल दिसलं, तर हीच कायतरी सांगतीय आसं समजायचं."

मित्रांनो, तुमच्याही दारात माझ्यासारखं एखादं जुनं मुकं लोखंड उभं असेल. त्याची पूजा करा, मला आवडते. पण ताट खाली ठेवलं की एकदा वाकून, बोट लावून बघा. माझ्या चाकांना तेव्हापासून फक्त हळद लागते, आणि बद्रीनाथ रोज निघण्याआधी डाव्या बाजूने एक चक्कर मारतो.