धागा नसलेली अठरा कोडी

पत्र मीच लिहिलं होतं, हे आधीच कबूल करतो. नुसतं लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी बारा जणांच्या सह्या गोळा केल्या, फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. विमला म्हणाली, "अहो, पेन्शनीत गेलात, आता भांडणं तरी पेन्शनीत काढा." तिचं मी कधी ऐकलंय?

आमच्या बेंगळूरच्या मराठी मंडळाचं 'सांगाती' नावाचं मासिक आहे. त्यात शेवटच्या पानावर गूढकोडं असतं. साधं शब्दकोडं नव्हे, यातली सूचना एकीकडे बोट दाखवते आणि उत्तर दुसरीकडेच दडलेलं असतं. कोडं रचणाऱ्यानं टोपणनाव घ्यायचं आणि खरं नाव बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. फक्त संपादक वादिराजला ठाऊक. अकरा वर्षं 'कुंभार' या नावानं ते कोडं रचणारा माणूस म्हणजे मी. मोतीबिंदू झाला, चौकटी दिसेनाशा झाल्या, मी थांबलो. ऑपरेशन होऊन पुन्हा दिसू लागलं, तोवर माझ्या जागी कुणी 'पाकोळी' आली होती.

पाकोळीवर माझा राग एकाच गोष्टीसाठी होता. माझ्या प्रत्येक कोड्यात एक धागा असायचा. सगळी उत्तरं भरून झाली की कळायचं, अरे, या तर सगळ्या नद्या आहेत. कधी किल्ले, कधी राग, कधी वाद्यं. न कळलं तरी कोडं सुटायचं, पण कळलं तर दिवसभर माणूस खूश. पाकोळीची कोडी मी दर महिन्याला सोडवत होतो, सुटत होती, सूचनाही झकास असायच्या. 'मामाकडच्या लोकांत लपलेला उचल्या, तीन अक्षरं', आता 'मामाकडच्या' मध्येच 'माकड' बसलंय हे बघून मी दाद दिली होती. पण धागा? माकड, गच्ची, केळं, चष्मा. याला काय धागा म्हणायचा? म्हणून पत्रात लिहिलं, धाग्याशिवाय कोडं रचणाऱ्याला हटवा.

वादिराजचा फोन आला. "त्रिविक्रम, अठराच्या अठरा कोडी काढ आणि धागा नाही हे दाखव. रविवारी समितीपुढे ठेवतो."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हटलं आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर अठरा अंक मांडले. विमला देवळात गेली होती. मुलगा हर्ष त्याच्या ऑफिसात आणि सून श्वेता बेळ्ळंदूरला तिच्या. मी कागदावर एकेका कोड्याची उत्तरं लिहीत गेलो. जूनचं कोडं: साखर, डॉक्टर, उशी, बेसनलाडू.

तिथं माझा हात थांबला. जूनमध्ये डॉक्टरनं माझी साखर बंद केली होती. आणि मी बेसनाचे लाडू उशीखाली ठेवत होतो.

मग माकडाचं कोडं परत वाचलं. गेल्या वर्षी गच्चीवर पेपर वाचताना माकडानं माझा चष्मा पळवला, केळं दिल्यावर परत टाकला. सप्टेंबर: टाकी, गळती, बादली, मेहुणा. टाकी फुटली तेव्हा विमलाचा भाऊ आठ दिवस राहायला आला होता आणि रोज बादल्या भरत होता. मी भराभर पानं उलटली. प्रत्येक कोड्यात धागा होता आणि तो धागा म्हणजे आमचं चामराजपेटेतलं घर. मी मूर्ख नद्या आणि किल्ले शोधत बसलो होतो.

आता ही पाकोळी कोण, याला फार डोकं लागलं नाही. हर्षला पाच शब्दांचं मराठी लिहिताना चार चुका होतात. विमलाला कोडी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. आणि उशीखालचा लाडू एकाच माणसाला सापडला होता. चादर बदलताना तिनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि उशी परत लाडवावरच ठेवून निघून गेली. श्वेता. नागपूरहून आलेली, दर वाक्यात तीन इंग्रजी शब्द घालणारी माझी सून, जिला मी रोज "तुम्हां आयटीवाल्यांना मराठी कुठलं" म्हणून टोमणे मारत होतो. घरून काम करत होती त्या वर्षी माळ्यावरून माझ्या जुन्या अंकांची पेटी तिनंच खाली काढली होती. धूळ पुसायला, असं म्हणाली होती.

मला लाज वाटली. हसूही आलं, पण लाज जास्त वाटली. लगेच वादिराजला फोन केला. म्हटलं, तक्रार मागे घेतो, धागा आहे.

"उशीर केलास," तो म्हणाला. "पाकोळीचा आत्ताच निरोप आला. यापुढं कोडं देणार नाही म्हणे. पत्रातल्या सह्या वाचल्या तिनं, पहिली तुझीच."

"तिनं?"

"मी नाव सांगणार नाही."

"मी विचारलं का?"

सरळ जाऊन तिची माफी मागावी, तर मला कळलंय असं सांगावं लागणार, आणि ते सांगणं म्हणजे रीत मोडणं. अकरा वर्षं मी स्वतः ती पाळली होती. त्या दिवशी श्वेता साडेआठला आली, जेवली, भांडी घासली. फक्त नेहमीसारखं "अण्णा, या महिन्याचं सुटलं का?" विचारलं नाही. अठरा महिने दर वेळी विचारत होती आणि मी अठरा वेळा "सुटलं, पण काही खास नाही" म्हटलं होतं.

ग्रुपवर मी जाहीर लिहिलं: धागा होता, मला दिसला नाही, चूक माझी. लोकांनी विचारलं, कुठला धागा? म्हटलं, शोधा. कुणीतरी अख्खं रामायण शोधून काढलं. श्वेतानं ते सगळं वाचलं असणार, पण वादिराजकडे काही निरोप गेला नाही.

मग ठरवलं, कोड्यानं झालेलं कोड्यानंच मिटवायचं. कुंभार पुन्हा चाकावर बसला. चौकोनी वही घेतली. तिनं माझं घर रचलं, मी तिला रचतो. उत्तरं लिहायला लागलो: नागपूर, लॅपटॉप, डबा, संत्रं, बेळ्ळंदूर. पुढं काही सुचेना. चार वर्षं एका घरात राहते आणि मला पाच शब्दांपलीकडे ही मुलगी ठाऊक नाही. पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याआधी तयार होऊन दारात उभा राहिलो. "मी पण येतो बेळ्ळंदूरला. तळं बघायचंय."

तिनं हर्षकडे पाहिलं. हर्षनं खांदे उडवले. "अण्णा, बसला स्वल्प गर्दी असते," ती म्हणाली. "दोन तास लागतात."

"मला कुठं ऑफिस आहे?"

त्या दोन तासांत मी जितकं पाहिलं तितकं चार वर्षांत पाहिलं नव्हतं. कंडक्टर तिला "अक्का" म्हणतो आणि ती त्याच्या मुलीच्या गणिताच्या परीक्षेची चौकशी करते, तीही कन्नडमध्ये. तिच्या पिशवीत मोगऱ्याचा गजरा असतो, घालायला नव्हे, हुंगायला. विचार करताना अंगठ्याचं नख चावते. एका म्हातारीला जागा देऊन सिल्क बोर्डच्या चौकापर्यंत उभी राहिली. मी खिडकीतूनच फळवाल्याकडून तिच्यासाठी संत्री घेऊ लागलो तर म्हणाली, "नको अण्णा, मला संत्रं बघवत नाही. लहानपणी इतकी खाल्लीत की बास." मनातल्या वहीतून संत्रं खोडलं. एकदा तिनं पिशवीतून चौकोनी रेघांची वही अर्धी बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत सारली. मी तेवढ्यात मान वळवून खिडकीबाहेर बघत बसलो, जणू आयुष्यात कधी ट्रॅफिक पाहिलंच नव्हतं.

तळं काही पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये उत्तरं लिहून काढली: कंडक्टर, गणित, मोगरा, अंगठा, म्हातारी, सिल्कबोर्ड. सूचना रचायला पाच दिवस लागले. वादिराजला पाठवलं. "जागा रिकामीच आहे ना? छाप."

अंक आला त्या रविवारी मी पेपरामागे लपून बसलो होतो. श्वेता टेबलाशी पेन्सिल घेऊन बसली. टोपणनाव पाहून तिच्या भुवया वर गेल्या. पहिली चार उत्तरं भरभर भरली. पाचव्याला हळू झाली. मग पेन्सिल थांबली आणि ती अंगठ्याचं नख चावू लागली. बी.पी.ची गोळी घेतली की नाही तेही मला आठवेना. विमला स्वयंपाकघरातून एकदा मला, एकदा तिला बघत होती. या बाईला सगळं आधीपासून ठाऊक असतं असा माझा जुना संशय आहे.

"अण्णा," श्वेता म्हणाली. मी पेपर खाली केला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "या कोड्यात संत्रं नाही."

"नागपूरच्या काही लोकांना आवडत नाही, असं ऐकलं."

"हो. मीपण ऐकलंय." तिनं नाक पुसलं, पेन्सिल कानामागं खोचली आणि उठून माझ्यासाठी कॉफी करायला गेली. कॉफीबरोबर बशीत अर्धा बेसनलाडू आला. अर्धाच, कारण डॉक्टर.

पुढच्या महिन्याच्या अंकात पाकोळी परतली. मी दार लावून सोडवायला बसलो. आडवा एक, तीन अक्षरं: 'हिच्याशी बसला की आजूबाजूचं भान राहत नाही'. उत्तर खिडकी. बसमध्ये तिची रोजची जागा मी दोन्ही तास अडवून बसलो होतो, आणि तिथं बसूनच ती आमचं घर रचते, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी बेळ्ळंदूरच्या बसपर्यंत तिला सोडायला गेलो, आधी चढलो, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला आणि उतरून घरी आलो.