पाठीवरचा खिसा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच कोपऱ्यात तडकलेली, स्वभाव संशयी. हल्ली साधा गजर वाजला तरी मी विचारतो, "तुला कुणी पाठवलं रे?" असा का झालो, ते ऐका.

माझी मालकीण शिवणकाम करते. नवा फ्रॉक बेतला की त्याचा फोटो माझ्याकडे. माझ्या पोटात प्रत्येक ॲपला वेगळी खोली असते. एकाने दुसऱ्याच्या खोलीत शिरायचं नाही, हा आमचा कायदा. पण एका भिंतीला भेग होती. ती बुजवायला अपडेट आलं होतं. मी रोज विचारायचो, मालकीण रोज "नंतर" दाबायची. हातात कात्री, तिला तरी कुठली सवड!

अशात समोरच्या कपड्यांच्या दुकानदाराने गोड बोलून मोजपट्टीचं ॲप पाठवलं. फुकट! फोटो बघायची परवानगीसुद्धा मागितली नाही त्याने. किती गुणी, असं मला वाटलं. ते बेणं त्या भेगेतूनच फोटोंच्या खोलीत जाऊन फोटो दुकानदाराला धाडत होतं.

मालकिणीचे फ्रॉक तिच्या आधी समोरच्या काचेत लटकू लागले. गिऱ्हाइकं उलट तिलाच नक्कल करते म्हणू लागली. तिचा संशय गेला तो शेजारी बसून काजं-बटणं करणाऱ्या नणंदेवर. एका डब्यात जेवायच्या दोघी! आता नणंद आत आली की मालकीण मला पालथं घालायची. मी सांगणार कसा? नुसता तापायचो.

शेवटी मालकिणीने सापळा रचला. पाठीवर खिसा असलेला खुळचट फ्रॉक कागदावर काढला, फोटो घेतला, कागद फाडून टाकला. फोटो उद्या फक्त नणंदेला दाखवायचा. पण नणंद तापाने फणफणली, आठवडाभर आलीच नाही. आणि समोरच्या काचेत फ्रॉक झळकला. पाठीवर खिसा!

मालकिणीने मला उचललं. तो फोटो माझ्याशिवाय कुठेच नव्हता. "अगं बाई, मोजपट्टी त्यानेच दिली होती!"

ती तडक नणंदेकडे गेली. "वन्सं, चुकले मी. तुमच्यावर चोरीचा आळ घेतला."

"कळत होतं गं, वहिनी. तू फोन पालथा घातलास की माझं काज वाकडं व्हायचं."

नणंदेनेच ते ॲप काढलं आणि अपडेट दाबलं. मित्रांनो, आम्ही "भेग बुजवू का?" विचारलं, तर "नंतर" म्हणू नका. आणि घरच्या माणसावर संशय घेण्याआधी आम्हाला तपासा. माझी भेग चहा होईपर्यंत बुजली. नणंद मात्र अजून डबा वेगळा आणते.