सात नंबरचा दिवा

कारखान्यात तिला सगळे मीटरबाई म्हणत, कारण गळ्यात वीज तपासायचा मीटर अडकवूनच ती दारातून आत यायची. कारखाना डब्यांची पत्र्याची झाकणं बनवायचा. ती तिथली इलेक्ट्रिशियन, आणि तिचा सख्खा थोरला भाऊ पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस विभागाचा सुपरवायझर. वायर सोलायला तिला दादानेच शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला प्रेसवरच्या मावशींची दोन बोटं गेली. अडकलेलं झाकण काढायला त्यांनी समोरची संरक्षक जाळी उघडून हात आत घातला आणि प्रेस खाली आली. खरं तर जाळी उघडी असताना प्रेसने जागचं हलायलाही नको.

मावशींना दवाखान्यात नेऊन तास होत नाही तोच मॅनेजरांनी मीटरबाईला बोलावलं.

"मशीन एकदा बघा आणि ओके लिहा. बाईंचं वय झालंय, लक्ष नव्हतं. दुपारच्या पाळीला मशीन चालू पाहिजे."

"बघते. काय लिहायचं ते बघितल्यावर ठरवते," ती म्हणाली.

बावीस वर्षं त्या मशीनवर उभी राहिलेली बाई, आणि हा माणूस तिचं वय काढतोय. मीटरबाईच्या डोक्यात तिडीक गेली. पण रागाच्या भरात पॅनेलला हात लावायचा नसतो. तिने प्रेसला दाब देणारी हवा बंद केली, पॅनेलचं दार उघडलं आणि कंट्रोलरसमोर बसली.

कंट्रोलर म्हणजे मशीनचं डोकं. एका बाजूने त्याला स्विचकडून खबर येते, दुसऱ्या बाजूने तो मशीनला हुकूम सोडतो. आधी तिने हुकमाची बाजू तपासली. त्या बाजूचा दिवा लागला की प्रेसला हवा सोडणारा व्हॉल्व्ह खटकन उघडत होता, विझला की बंद होत होता. तिथे खोट नव्हती. मग खबरीची बाजू. जाळीचा स्विच सात नंबरला. जाळी बंद, सातचा दिवा चालू. बरोबर. तिने जाळी उघडली.

दिवा चालूच राहिला.

तिने पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. दिवा ढिम्म. मशीनला शेवटपर्यंत वाटत होतं की जाळी बंद आहे.

तिने कंट्रोलरच्या कार्डावरून सातची वायर सोडवली. दिवा विझला. म्हणजे कार्ड चांगलं, खोटी खबर वायरीतूनच येत होती. वायर परत लावून ती जाळीपाशी गेली आणि स्विचचं टोक सोडवलं. तरी दिवा चालू. म्हणजे स्विचचाही दोष नाही, वीज मधेच कुठेतरी घुसत होती.

मधे एकच जागा होती, मशीनच्या पोटाखालची जोडपेटी. ती पाठीवर झोपून आत सरकली आणि पेटीचं झाकण काढलं. दोन टर्मिनलांवर बोटभर निळी वायर टाकून वीज स्विचला वळसा घालून सरळ पुढे सोडली होती. वायरीची टोकं दुमडून, पुन्हा पीळ देऊन बसवलेली. असा दुहेरी पीळ कारखान्यात दोनच माणसं देत. एक ती, आणि दुसरा तिला शिकवणारा.

ती बाहेर आली तेव्हा दादा शेजारीच उभा होता.

"कधी केलंस?" तिने विचारलं.

"हळू बोल."

"कधी, दादा?"

"तीन महिने झाले असतील. स्विच सैल झाला होता. पाळीत सात-आठ वेळा मशीन थांबायचं. नवा मागितला, दोनदा लिहून दिलं. मॅनेजर म्हणाले, तोपर्यंत चालवा कसंही. दोन दिवसांसाठी टाकली होती गं. मग राहून गेली."

"राहून गेली. मावशींची बोटं पण राहून गेली का रे?"

"काढून टाक आता. कुणाला कळणार नाही. उद्या आईला काय तोंड दाखवू मी?"

त्याच्यावरचा राग तर होताच, पण त्याहून वाईट काहीतरी तिला आठवलं होतं. गेल्या महिन्याची तपासणी तिनेच केली होती. जाळी बंद होती, सातचा दिवा चालू होता, म्हणून तिने 'ठीक' लिहून सही ठोकली होती. जाळी उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तिने वायर काढली नाही. फोटो घेतले, पॅनेलला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग मॅनेजरांच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच लिहिलं: वायर सुपरवायझरने टाकली, नवा स्विच मॅनेजरांनी दिला नाही, तपासणी मी न बघता केली.

मॅनेजरांनी कागद वाचला. "स्वतःच्या भावाला अडकवताय. स्वतःलाही."

"वाचता येतंय ना? मग सही करा, मिळाला म्हणून."

त्यांनी सही केली नाही. तिने कागदाची एक प्रत युनियनच्या खोलीत दिली, दुसरी सरकारी निरीक्षकाच्या कचेरीत. आठवडाभर चौकशी चालली. अपघात मशीनच्या माथी लागला, मावशींच्या नाही. दादाचं सुपरवायझरपद गेलं, तिची तपासणीची वही काढून घेतली. मॅनेजरांना फक्त समज मिळाली, आणि ते ऐकून तिने हातातला पेचकस भिंतीवर फेकून मारला. दादाने बोलणं टाकलं. आई दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढू लागली.

त्यानंतरच्या रविवारी ती मावशींकडे गेली आणि आपल्या सहीसकट सगळं सांगितलं. मावशी बँडेजचा हात उशीवर ठेवून ऐकत होत्या. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

"माझ्यासमोर रडू नकोस," मावशी म्हणाल्या. "तुझ्या सहीवर विसंबून मी आत हात घालत होते. आता तुझे डोळे पुसत बसू का मी?"

तिने मनगटाने डोळे पुसले.

"मशीन चालू झालं?" मावशींनी विचारलं.

"नवा स्विच बसवला. जाळी उघडून शंभर वेळा बघितलं."

"शंभर वेळा," मावशी म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा आता."

ती उठली, चपला घातल्या आणि जिना उतरली.