काकांपासून लपवलेला अडसर

हो हो, मीच बोलतोय! शटरच्या आत, खाली जमिनीलगत आडवा पडलेला हा लोखंडी अडसर. आजवर मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पण परवाच्या सोमवारी जे घडलं, त्यानंतर मला गप्प बसवतच नाही. सांगता सांगता धाप लागली तर समजून घ्या.

मूळचा मी एका टेम्पोच्या चाकांमधला जाडजूड दांडा. टेम्पो भंगारात निघाला आणि माझा एक तुकडा गल्लीच्या टोकाला वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईकडे येऊन पडला. कोपऱ्यात धूळ खात पडलो होतो. एका दुपारी तिची बालमैत्रीण, म्हणजे आमच्या काकू, घाईघाईनं आत आल्या.

"अगं, गॅरेजचं शटर आतून पक्कं करायचंय," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

"मग भावोजींना पाठवायचंस की माप घेऊन."

"ह्यांना कळता कामा नये, म्हणून तर मी आले!"

वेल्डरबाईंनी काळा चष्मा कपाळावर चढवला आणि पोट धरधरून हसल्या. कारण काकांना सगळी गल्ली ओळखते. काकांचं सलून आहे. हात कात्रीवर आणि तोंड कात्रीच्या पुढे! माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. पोरं त्यांना लाउडस्पीकर काका म्हणतात आणि काकांना त्याचा अभिमानच वाटतो.

सलूनच्या भिंतीला लागूनच आमचं गॅरेज. गाडी कधीच विकली गेली. आता तिथे काकूंचं विणकामाचं मशीन आहे. ते त्यांना त्यांच्या मावशीनं दिलं, त्यावर हात धरून शिकवलं. असं मशीन आता कुणी बनवत नाही, सुई मोडली तर दुसरी मिळवताना नाकी नऊ येतात. त्यावर काकू शाळेचे स्वेटर विणतात. संसाराची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली, मग कुठे हे त्यांचं स्वतःचं काम सुरू झालं. मशीन गेलं असतं तर काकू पुन्हा उभ्या राहिल्या नसत्या. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, मला छाती नसली तरी.

काका बाजारात कात्र्यांना धार लावायला गेले, तेव्हा वेल्डरबाई आल्या. शटरच्या खालच्या पट्टीला आतून एक कडं जोडलं, दुसरं फरशी फोडून सिमेंटात पुरलं. दोन्ही कड्यांतून मला सरकवलं की शटर जमिनीला जखडून जातं. काम आटोपलं की काकू मला आत ढकलतात, वर पायपुसणं टाकतात आणि आतल्या दारानं स्वयंपाकघरात जातात. त्या दाराला वरखाली दोन कड्या. काका गॅरेजमध्ये फिरकत नाहीत, लोकरीच्या तुसांनी त्यांना शिंकांवर शिंका येतात. त्या शिंकांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आणि काकांचा बंदोबस्त विचाराल तर काय वर्णावा! शटरला बाहेरून नारळाएवढं कुलूप. वर कॅमेरा. घंटी वाजवली की आतून कुत्रं भुंकल्याचा आवाज. बघणाऱ्याला घाम फुटावा असा थाट. पण भिंतीपलीकडून मला रोज काय ऐकू यायचं?

"कॅमेरा? अहो, नुसतं खोकं आहे ते! आत वायर नाही की काही नाही! आणि कुत्रं कुठलं, रेकॉर्डिंग आहे! मान जरा खाली घ्या... किल्ली कुंडीखाली ठेवतो, कुण्णाला कळायचं नाही!"

प्रत्येक गिऱ्हाइकाला! केस कापता कापता, दाढी करता करता! मी इकडे कड्यांत नुसता तडफडायचो. बाहेरचं कुलूप मात्र फुशारकी मारत लटकलेलं असायचं. किल्ली पायाशी कुंडीखाली, आणि साहेब मिशीला पीळ देतायत.

त्या शनिवारी एक नवीन गिऱ्हाईक आलं. आवाज मऊ. "काका, शटर आतून पण बंद करता का हो?"

"छे! आतून काही नाही. बाहेरचं कुलूपच बस्स आहे! आणि सोमवारी आम्ही दोघंही दिवसभर माझ्या बहिणीकडे. तरी बघा, मी निश्चिंत!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

सोमवार उजाडला. काकूंनी मला नेहमीसारखं सरकवलं. स्वेटर पोत्यांत बांधून तयार होते, दुसऱ्या दिवशी शाळेत पोचवायचे होते. काकूंनी मशीनवर चादर घातली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि त्या गेल्या.

भर दुपारी बाहेर टेम्पो थांबला. रंगाचे डबे खणखणले. कुंडी सरकल्याचा आवाज झाला आणि खट्! नारळाएवढ्या कुलपानं निमूट मान टाकली.

"उचल!"

शटर कणभर हललं आणि थांबलं. मी होतो ना! पुन्हा हिसका. पुन्हा मी! दोघांनी मिळून जोर लावला. अख्खं शटर धडधडू लागलं, फरशीतल्या कड्याभोवती सिमेंटाची भुकटी उडाली. मशीनवरची चादर थरथरताना मला दिसत होती. या म्हटलं, या! टेम्पोखाली मी याहून मोठे खड्डे पचवलेत!

"काका तर म्हणाले, आतून काही नाही!" मऊ आवाज आता चांगलाच चिरकला होता. "सगळं सांगितलं त्यांनी, मग एवढंच कसं नाही सांगितलं?"

"फसवलं तुला म्हाताऱ्यानं. पहार आण!"

पहार शटरखाली शिरली. तेव्हा मात्र कळ माझ्या आरपार गेली. मी मधोमध वाकू लागलो. भीती वाटली, खरंच वाटली. मी सुटलो तर काकूंचं काय, एवढंच डोक्यात होतं. सगळा जीव दोन्ही टोकांत गोळा करून मी कड्यांना घट्ट धरून राहिलो.

एवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. तिथे निवृत्त मास्तरीणबाई राहतात.

"काय दणदणाट लावलाय रे? दुपारची झोप आहे की नाही माणसाला?"

"रंगवायला आलोय, आजी! शटर रंगवायचंय!"

"मग पहारीनं रंगवता होय? थांबा, आलेच मी खाली!"

आणि मास्तरीणबाईंनी असा आरडाओरडा केला, की साऱ्या गल्लीची दारं फटाफट उघडली. रंगाचे डबे तिथेच टाकून टेम्पो पसार!

संध्याकाळी काका-काकू आले. मास्तरीणबाईंनी ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, 'काका म्हणाले' यासकट. काकूंनी आतून येऊन पायपुसणं बाजूला केलं. काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं. वाकलेला, पण जागचा न हललेला.

"हे काय गं? हे कधी बसवलंस?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

काकू मशीनवरची चादर काढून एकेक सुई तपासत राहिल्या. काका बघत होते. मग ते पोत्यावर मटकन बसले. शिंका येत होत्या, तरी उठले नाहीत.

"नाही सांगितलंस तेच बरं केलंस," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वेल्डरबाईंनी मला ठोकून सरळ केलं, कडी जाड बसवली. कुंडीखालची किल्ली काकूंच्या पर्समध्ये गेली. स्वेटर शाळेत पोचले. पण माझा जीव टांगणीलाच होता, कारण मंगळवारी सकाळी सलून उघडलं आणि गर्दी उसळली.

"काय हो काका, कुलूप उघडलं म्हणे, मग शटर कसं नाही उघडलं?"

भिंतीपलीकडे कात्री थांबली. भिंतीअलीकडे काकूंचं मशीन थांबलं. काकूंनी श्वास रोखला, मीही रोखला. एवढी मोठी, चटकदार गोष्ट! जन्मात असा किस्सा काकांच्या हाती लागला नव्हता. खाकरल्याचा आवाज आला. आता संपलं, मी मनात म्हटलं.

"मला काय माहीत, बुवा!" काका म्हणाले. "मान जरा खाली घ्या."

कात्री पुन्हा चालू लागली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि खुदकन हसल्या. त्यांचं मशीन सर्रर्र करत असं पळालं, की विचारू नका!

मी अजून इथेच आहे, फरशीलगत, ठणठणीत. तुमच्याही शटरला आतून माझ्यासारखा कुणीतरी बसवून घ्या. आणि मी कुठल्या गल्लीत राहतो ते विचारू नका. काकांनी नाही सांगितलं, तर मी कसा सांगेन?