गाळाला दाखवलेलं ऊन

श्रावस्तीनं लॅपटॉप आईच्या तोंडासमोर फिरवला आणि घसा खाकरला.

“बोलू?”

“थांब, चष्मा लावू दे.”

उद्या सकाळी गोव्याचं विमान होतं. परवा परिषदेत श्रावस्तीचं भाषण. जर्मनीहून येणाऱ्या प्राध्यापक बाईंना ते आवडलं तर तिकडची फेलोशिप पक्की, असं तिचे सर म्हणाले होते. तालमीला वडील कुचकामी; शामराव ‘छान, छान’ म्हणत पेंगायचे. प्रेमलाबाईंनी मात्र अख्खी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत काढली होती आणि प्रत्येक फाइलला ‘का?’ विचारायची त्यांची खोड गेली नव्हती. आता राजधानीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये फाइली नव्हत्या, मुलगी होती.

“हा अरबी समुद्राच्या तळाचा गाळ,” श्रावस्ती म्हणाली. “जितकं खाली जाऊ तितका जुना. मी त्यातल्या कणांचा आकार मोजते. पाणी जोरात वाहत असेल तर बारीक कण निघून जातात, जाडे मागे राहतात.”

“म्हणजे समुद्र पाखडतो.”

“बिल्कुल! आता हे बघ.” आलेखाची रेघ एका जागी ताडकन वर गेली होती. “इथे कण एकदम जाडे. बारा हजार वर्षांपूर्वी प्रवाह अचानक वेगवान झाला. हे कुणालाच माहीत नव्हतं, आई!”

“अच्छा. पण जाडे कण दुसरीकडून कुठून येऊ शकत नाहीत?”

“वाऱ्यानं येतात ना. वाळवंटातली धूळ साधारण याच मापाची असते. पण धूळ काय, वर्षानुवर्षं पडतच असते. ती नेमकी एवढ्याच तुकड्यात कशी पडेल?”

प्रेमलाबाईंचा हात तोंडाशी गेला.

उन्हाळ्यात लॅब नव्या इमारतीत हलवत होते, तेव्हा श्रावस्तीनं गाळाच्या नमुन्यांच्या बाटल्यांचे ट्रे घरी आणून ठेवले होते. त्याच आठवड्यात प्रेमलाबाईंनी डाळींना, मिरच्यांना, गाद्यांना ऊन दाखवायला काढलं होतं. वर्ध्याला माहेरी उन्हाळ्यात ऊन न दाखवता काही भरून ठेवायची पद्धतच नव्हती. एका ट्रेमधली पूड काचेला चिकटलेली दिसली. ओल धरली असेल, पोरीची मेहनत वाया जायची, म्हणून त्यांनी झाकणं काढून तोही बाल्कनीत ठेवला आणि वर जुनी वॉयलची साडी पांघरली. दुपारी धुळीची आँधी आली, साडी उडाली. त्यांनी धावत जाऊन झाकणं लावली, बाटल्या बाहेरून पुसल्या आणि विसरून गेल्या.

गप्प बसावं, असं मनात आलंच. बारा हजार वर्षांपूर्वीचं बघायला कोण बसलं होतं? पोरगी जर्मनीला जाईल. पण त्यांनी आलेखावर बोट ठेवलं.

“ही वर गेलेली रेघ कुठल्या ट्रेची गं?”

“तिसऱ्या. का?”

“निळ्या झाकणांचा?”

“हो. का, आई?”

प्रेमलाबाईंनी सगळं सांगून टाकलं.

“अरे यार, आई!” श्रावस्ती एवढ्यानं ओरडली की आतल्या खोलीत शामराव जागे झाले. “गाळाला ऊन? लोणचं आहे का ते?”

“चुकलं माझं. सरांना फोन कर. आईनं घोळ घातला म्हणून सांग. खुशाल माझं नाव घे.”

श्रावस्तीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

“तुझं नाव कशाला,” ती म्हणाली. “मला सूक्ष्मदर्शकात अभ्रक दिसलं होतं. वाळवंटातल्या धुळीत असतात तसे चकचकीत कण, फक्त त्याच ट्रेमध्ये. वरच्या-खालच्या थरांत कुठेच नाहीत.”

“मग?”

“मग काही नाही. तो फोटो मी भाषणात घातलाच नाही.”

प्रेमलाबाईंना तिचा राग आला आणि कीवही आली. आधी काय आलं ते त्यांनाच कळेना. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“तर मग बारा हजार वर्षांपूर्वी ते पाणी कसं वाहत होतं?”

“माहीत नाही.”

“बरं.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “कशानं कळेल?”

“मूळ गाळ थोडा शिल्लक आहे, लॅबच्या फ्रीजरमध्ये. पुन्हा मोजला तर कळेल. पण परवापर्यंत नाही होणार.”

“नाही झालं तर नाही. पण कळलं की आधी मला सांगायचं. वेगवान निघो नाहीतर संथ, मला ऐकायचंय.”

श्रावस्तीला रडता रडता हसू आलं. तिनं नाक पुसलं आणि सरांना फोन लावला. तीन वेळा घंटी वाजली.

“सर, वो जो ग्राफ में पीक है ना, वो समंदर का नहीं, हमारी बालकनी का है.” पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. श्रावस्तीनं आईकडे पाहिलं. प्रेमलाबाई स्वतःकडे बोट दाखवून मान हलवत होत्या, माझं सांग, माझं सांग.

तिनं नजर काढून घेतली.

“गलती मेरी है, सर,” ती म्हणाली. “शक तो मुझे महीने भर से था.”